गड्यांच्या खोल्यांत उतरलेले पाहुणे : ब्रिकेंडन आणि वूल्मर्सचं प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया बेट आहे. बेटाच्या उत्तर भागात, लॉन्सेस्टन शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर लाँगफर्ड नावाचं लहानसं गाव लागतं. गावाबाहेर मॅक्वारी नदीच्या दोन बाजूंना दोन जुने मळे आहेत. एक ब्रिकेंडन, दुसरा वूल्मर्स. आर्चर घराण्यातल्या दोन सख्ख्या भावांनी ते उभे केले. दोन्हीकडची घरं, कोठारं आणि लोकर कातरायच्या शेडी आजही जागेवर आहेत, आणि दोन्हीकडे सुट्टीत राहायची सोय होते. पण पाहुणा राहतो तो मालकाच्या थोरल्या घरात नाही. एकेकाळी कोचवान, माळी, मजूर ज्या घरांत राहत त्या घरांत त्याची पथारी पडते. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते याच कारणाने.

‘होमस्टेड’ या शब्दाला मराठीत नेमका जोड नाही. विस्तीर्ण शेतजमिनीच्या मध्यावर मालकाचं घर, आणि त्याच्या भोवती कोठारं, तबेले, लोहारकामाची शेड, स्वयंपाकघर, गड्यांच्या खोल्या असा सगळा गोतावळा म्हणजे होमस्टेड. कोकणातल्या खोताच्या घराला मागीलदार, पडवी, गोठा, खळं चिकटलेलं असतं, तसंच. फक्त अंतरं मोठी. आणि खोताच्या घरासारखाच इथेही मूळ प्रश्न असतो तो मनुष्यबळाचा. एवढी जमीन कसली कुणी?

जमीन कुणाची, हात कुणाचे

थॉमस आर्चर सरकारी रसद खात्यातला नोकर. १८११ च्या सुमारास तो न्यू साउथ वेल्समध्ये आला, तिथून व्हॅन डीमन्स लँडला. टास्मानियाचं तेव्हाचं नाव ते; १८५६ साली बदललं. १८१७ च्या सुमारास त्याला लाँगफर्डजवळ सरकारकडून जमीन मिळाली आणि वूल्मर्सचा पाया पडला. त्या भागाला तेव्हा नॉरफोक प्लेन्स म्हणत, कारण १८१३ साली नॉरफोक बेटावरची वसाहत उठवून तिथली कुटुंबं इथे आणून बसवली होती. त्याचा भाऊ विल्यम १८२४ साली आला आणि नदीच्या अलीकडे त्याने ब्रिकेंडन उभं केलं. त्याचं जॉर्जियन, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी धाटणीचं विटांचं घर १८३० च्या आगेमागे पुरं झालं. आणखी दोन भाऊ, जोसेफ आणि एडवर्ड, यांनीही याच पंचक्रोशीत जमिनी घेतल्या.

जमीन फुकट मिळत होती, म्हणजे पैसे भरावे लागत नव्हते. १८३१ पर्यंत वसाहत सरकार साधारणपणे माणूस किती भांडवल घेऊन आला आहे ते बघून त्या मानाने जमीन देई. पण ती मोकळी नव्हती. या सपाटीवर नॉर्थ मिडलंड्स भागातल्या मूलनिवासी टास्मानियन लोकांचा वावर होता. ठरावीक ऋतूत गवत जाळून ते शिकारीसाठी माळ राखत, आणि गोऱ्या मेंढपाळांना जे ‘तयार कुरण’ सापडलं ते बऱ्याच अंशी याच हातांनी तयार झालेलं होतं. १८२० च्या दशकाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंत सुरू झालेला रक्तपात इतिहासात ‘ब्लॅक वॉर’ म्हणून नोंदला गेला. १८३० साली सरकारने दोन हजारांवर माणसांची साखळी करून मूलनिवाशांना हुसकण्याची मोहीम काढली. मोहिमेच्या हाती प्रत्यक्षात मोजकीच माणसं लागली, पण काही वर्षांतच उरलेल्यांना फ्लिंडर्स बेटावर हलवण्यात आलं.

मग हात आणायचे कुठून? १८०३ ते १८५३ या पन्नास वर्षांत ब्रिटनने सत्तर हजारांहून अधिक कैदी या एका बेटावर उतरवले. त्यांतले बहुसंख्य तुरुंगात नव्हते. त्यांची ‘नेमणूक’ होई: सरकार कैदी जमीनदाराकडे देई, जमीनदार त्याला खायला, ल्यायला, राहायला देई, आणि बदल्यात काम घेई. पगार नाही. सोडून जायची मुभा नाही. आपल्या भाषेत याला सरळ वेठबिगार म्हणावं लागेल, फक्त ती सरकारी शिक्क्याची होती. विल्यम आला त्याच वर्षी, १८२४ साली, लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून जॉर्ज आर्थर आला, आणि त्याने ही पद्धत काटेकोर केली. प्रत्येक कैद्याच्या वर्तनाची नोंदवही ठेवली जाऊ लागली. चांगलं वागणाऱ्याला पुढे मोकळीक, वाईट वागणाऱ्याला रस्त्याच्या बेड्याघातल्या टोळीत किंवा त्याहून दूरच्या ठाण्यावर.

मालकाला स्वतः फटके मारता येत नसत. त्याला कैद्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावं लागे. पण दंडाधिकारी बहुधा शेजारचा जमीनदारच असे, आणि थॉमस आर्चर स्वतःही दंडाधिकारी होता. तक्रार करणारा आणि न्याय देणारा एकाच जेवणाच्या टेबलावर बसणारे. कायद्याची ही बाजू मला इमारतींहूनही बोलकी वाटते.

मराठी वाचकाला ‘काळं पाणी’ म्हटलं की अंदमान आठवतं. ते ठाणं १८५८ सालचं. त्याआधीच, १८१५ पासून, मुंबई इलाख्यातून आणि बंगालमधून कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले होते. व्हॅन डीमन्स लँड हे त्याच साम्राज्याचं, त्याच हिशोबाचं दुसरं पान. माणसाला घरापासून समुद्रापार नेलं की शिक्षाही होते आणि मजूरही मिळतो.

ब्रिकेंडन आणि वूल्मर्सवर मिळून एका काळी शंभराच्या घरात कैदी राबत. बेटावरच्या सर्वांत मोठ्या खाजगी नेमणुकांपैकी ही एक. पुरुष नांगर धरत, मेंढ्या राखत, लोहारकाम आणि सुतारकाम करत. स्त्रिया घरात स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं. कसबी माणूस एका भावाकडून दुसऱ्याकडे कामापुरता जाई.

दोन भाऊ, दोन वाटा

यापुढे दोन्ही मळ्यांची कहाणी वेगळी होते, आणि प्रकरण म्हणून खरं महत्त्व इथे आहे.

वूल्मर्स पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिलं, आणि प्रत्येक पिढीत एक थॉमस. असे सहा थॉमस झाले. पहिल्याचं मूळ घर साधं, लाकडी फळ्यांचं. १८४३ च्या सुमारास त्याच्या पुढ्यात इटालियन धाटणीचा भारदस्त दर्शनी भाग जोडला गेला. तो आखला पहिल्या थॉमसचाच मुलगा विल्यम याने; ब्रिकेंडनवाल्या काकाचंही नाव विल्यमच. हा वास्तुरचनाकार होता आणि वनस्पतिशास्त्रातही मुरलेला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी टास्मानियाच्या वनस्पतींवरचा आपला मोठा ग्रंथ ज्या दोघांना अर्पण केला, त्यांतला एक हा विल्यम. जुनं घर पाडलं नाही, मागे तसंच राहू दिलं. त्यामुळे आज एकाच छताखाली वसाहतीची सुरुवात आणि तिची श्रीमंती लागोपाठ बघता येते.

विसाव्या शतकात जमीन घटत गेली. काही भाग माजी सैनिकांच्या वसाहतीसाठी गेला. सहावा थॉमस अविवाहित, त्या घरात एकटा राहिला आणि १९९४ साली वारला. वारस नव्हता. मळा त्याने संस्थेच्या नावे केला. घरात सहा पिढ्यांचं सामान होतं तसं होतं, जेवणाच्या बशांपासून हत्यारांपर्यंत. हे दुर्मीळ आहे. आपल्याकडे वाडा विकायच्या आधी भांडी मोडीत जातात, पेट्या वाटून घेतल्या जातात, आणि मग उरलेल्या भिंतींना ‘वारसा’ म्हणायची वेळ येते.

नदीच्या अलीकडे ब्रिकेंडन मात्र घराण्यातच राहिलं. सहावी-सातवी पिढी आजही तिथे राहते, आणि शेतीही करते: मेंढ्या, धान्य, शिवाय औषधासाठीची अफू. टास्मानियात परवान्याखाली पिकणारी अफू हे जगातल्या कायदेशीर औषधी अफूचं एक मोठं उगमस्थान आहे, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाला त्या भागातली काही शेतं फिकट जांभळी-पांढरी दिसतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुंपणांच्या, म्हणजे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांच्या रांगा अजून शेतांच्या कडेने आहेत.

एकीकडे संस्था, एकीकडे कुटुंब. पाहुणे दोघांनाही लागतात, पण लागण्याची कारणं वेगळी.

संस्थेपुढे रोजचा प्रश्न पैशाचा असतो. शेतीचं उत्पन्न नाही, घर अफाट, छपरं मोठी, आणि कुटुंबासारखी फुकट राबणारी माणसं घरात नाहीत. तिकीट, मार्गदर्शकासह घर दाखवणं, राहायच्या कॉटेजी, समारंभ, अनुदानं, देणग्या आणि स्वयंसेवक या सगळ्यांची मोट बांधावी लागते. वूल्मर्सने जोडीला एक धाडसाचा निर्णय घेतला: आवारात ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय गुलाबबाग उभी केली, हजारो झाडांची. काही अभ्यासकांना हे खटकेल. कैद्यांच्या मळ्यात गुलाबबाग कशाला? मला मात्र ते समजण्यासारखं वाटतं. कैद्यांचा इतिहास ऐकायला माणूस आयुष्यात एकदा येतो. गुलाब बघायला दरवर्षी येतो. छप्पर दरवर्षी गळतं.

ब्रिकेंडनमध्ये राहण्याची सोय हा शेतीला लागलेला जोडधंदा आहे, तिच्या जागी आलेला नाही. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे असं मला वाटतं. थोरल्या घरात कुटुंब राहतं, ते पाहुण्यांना खुलं नाही. बाग आणि शेतावरचं जुनं ‘गाव’ बघायला मिळतं. राहायला दिलेल्या कॉटेजी स्वतंत्र, स्वतःच्या स्वयंपाकघरासह. पाहुणा आपलं आपण शिजवतो. वरवर लहान दिसणारा हा निर्णय फार शहाणपणाचा आहे. तीन वेळा जेवण घालायचं म्हटलं की घरातली बाई, आणि शक्यतो तीच, दिवसभर अडकते. आचारी, वाढपी, पुरवठा, सगळं मागून येतं. आणि बघता बघता शेतकऱ्याचं हॉटेल होतं. आपल्याकडे निवास-न्याहारीच्या नावाने सुरू झालेल्या कितीतरी घरांत न्याहारीचं जेवण होतं, जेवणाचं माशांचं ताट होतं, आणि घरच्या सुनेची सुट्टी कायमची संपते. ब्रिकेंडनमध्ये कात्री मेंढ्यांवर चालते, पाहुणे आले तरी आणि नाही आले तरी.

गड्याची खोली सजवायची किती?

आता नाजूक भागाकडे.

ब्रिकेंडनच्या शेत-गावात १८३० च्या आसपासच्या इमारती आहेत: मोठी लाकडी कोठारं, विटांची धान्यशाळा, लोहारकामाची शेड, मांस धुरवायची खोली, स्वयंपाकघर, लहानसं चर्च. खांबांवर उचललेलं एक धान्याचं कोठार आहे. खांबांवर बाहेर आलेली दगडी टोपी बसवलेली. उंदीर वर चढला तर टोपीच्या खालच्या अंगाला येऊन अडकतो. कणगीच्या पायाला शेण लिंपणाऱ्या आपल्या माणसाला ही युक्ती लगेच कळेल. या इमारतींना अभ्यासक महत्त्व देतात, कारण त्या आजही शेतीच्या कामात किंवा कामाच्या शेजारी आहेत. काचेत गेलेल्या नाहीत.

पण ज्या बराकीत कैदी पुरुष झोपत ती आता उभी नाही. तिचा पाया जमिनीत आहे. म्हणजे मालकांचं घर टिकलं, कोठारं टिकली, चर्च टिकलं, आणि ज्यांनी ते बांधलं त्यांची झोपायची जागा मात्र गेली. हे बहुतेक सगळ्या जुन्या वास्तूंत असंच असतं, आपल्याकडेही. वाडा राहतो, वाड्याच्या गड्यांची वस्ती पुसली जाते. म्हणूनच माळ्याची, कोचवानाची जी घरं उरली ती राहण्यासाठी उघडणं ही मला नुसती सोय वाटत नाही. राहणारा माणूस भिंतीची जाडी, खिडकीचा आकार, चुलीची जागा रात्रभर अंगावर घेतो. दिवसा तासाभरात घर बघून निघून जाणाऱ्याला ते कळत नाही.

अडचणही तिथेच. अशा कॉटेजीत पाहुण्याला गरम पाणी हवं, मऊ गादी हवी, हिवाळ्यात ऊब हवी. टास्मानियाचा हिवाळा चांगला बोचरा. मग नळ, न्हाणीघर, तारा, शेगडी आत येते. प्रत्येक गोष्ट जुन्या भिंतीला काहीतरी करते. चुन्यात बांधलेल्या विटांवर कुणी सिमेंटचा गिलावा मारला तर ओल आत कोंडते आणि वीट भुसभुशीत होत जाते. हे दुखणं कोकणातल्या चिऱ्याच्या घरांनाही ठाऊक आहे. टास्मानियात १९९५ चा वारसा कायदा आहे, वर १९९९ चा केंद्राचा पर्यावरण आणि जैवविविधता कायदा, ज्याखाली जागतिक वारसास्थळं येतात. त्यामुळे भिंतीला हात लावण्याआधी परवानगीची फेरी चुकत नाही. मालकांना हा जाच वाटू शकतो. माझं मत असं की न्हाणीघर कुठे आणि कसं आलं यावर कुणाचातरी डोळा असलेला बरा. चुकीच्या जागी घातलेला पाइप काढता येतो, पण फोडलेली भिंत पुन्हा १८३० ची होत नाही.

मऊ गादीपुढचा प्रश्न अवघड. वेठबिगाराच्या घरात वाइनचा पेला हातात घेऊन बसणं बरोबर आहे का? माझं उत्तर आधी ‘नाही’ होतं. नंतर ते बदललं, आणि बदललं ते टास्मानियातच असलेल्या दुसऱ्या एका जागेमुळे. मरिया बेटावरच्या डार्लिंग्टन ठाण्यातल्या जुन्या कैदखान्यात आजही लोक राहतात, पण तिथे खाटा साध्या, विजेविना, चूल आपण पेटवायची. तिथे माणूस कैद्याच्या जवळ जातो असं वाटलं होतं. विचार केल्यावर लक्षात आलं की गैरसोय सोसल्याने कुणी कैद्याजवळ जात नाही. दोन रात्री थंडीत काढून सकाळी बोटीने परत येणारा माणूस कैदी नसतो. जवळ जायचं तर त्याचं नाव कळलं पाहिजे, त्याने काय चोरलं, कुठून आला, पुढे त्याचं काय झालं ते कळलं पाहिजे.

आणि टास्मानियात ते कळू शकतं, हे फार मोठं आहे. आर्थरच्या काळातल्या त्याच नोंदवह्यांत प्रत्येक कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, गुन्हा, शिक्षा, वागणूक लिहिलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांच्या या दप्तराला २००७ साली युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ या नोंदपटात स्थान मिळालं. ज्या कागदाने माणसाला बांधून ठेवलं, त्याच कागदाने त्याचा चेहरा टिकवला. टास्मानियात पिढ्यान्‌पिढ्या ‘आमच्यात कैदी नव्हता’ असं सांगितलं जाई, कैदी पूर्वज असण्याला ते ‘कलंक’ म्हणत. आता त्याच घरांतली माणसं दप्तर उघडून आजोबांच्या आजोबांचं गोंदण शोधतात. असा माणूस माळ्याच्या घरात रात्र काढायला आला, तर मऊ गादीबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या पूर्वजाला ती मिळाली नव्हती.

३१ जुलै २०१० रोजी ब्राझिलियातल्या बैठकीत युनेस्कोने ऑस्ट्रेलियातली अकरा कैदीस्थळं एकत्र जागतिक वारसा यादीत घेतली. त्यांतली पाच टास्मानियात. पोर्ट आर्थर, कॅस्केड्सचा स्त्री-कैद्यांचा कारखाना, कोळशाच्या खाणी, डार्लिंग्टन, आणि ब्रिकेंडन-वूल्मर्स ही जोडी. बाकीची बहुतेक सरकारी ठाणी, तुरुंग, बराकी, रस्ते. खाजगी मळ्यावरची नेमणूक दाखवते ती ही जोडी. खरं तर बहुसंख्य कैद्यांचं आयुष्य तुरुंगात नाही, अशाच मळ्यांवर गेलं होतं. तुरुंग बघून शिक्षा समजते. त्या शिक्षेतून कुणाची संपत्ती झाली हे मळा बघून समजतं.

या मांडणीत एक बाजू मात्र अजून फिकट आहे असं मला ठामपणे वाटतं. जमीन मिळाली त्या दिवसाच्या आधीची. कैद्यांच्या नावांचं दप्तर आहे. ज्यांना हुसकलं त्यांची नावं अशी वहीत उतरलेली नाहीत. दप्तर नाही म्हणून गोष्ट मागे राहणं साहजिक आहे, पण ती मागे राहू नये. मूलनिवाशांनी राखलेलं कुरण, भावांनी घेतलेली जमीन आणि कैद्यांनी बांधलेलं कोठार या तिन्ही गोष्टी कॉटेजच्या खिडकीतून एकाच वेळी दिसतात. पाहुण्याच्या हातात किल्ली देताना तिन्ही सांगायला हव्यात, आणि या क्रमाने सांगायला हव्यात.

आता दोन्ही मळ्यांना जोडणारी एक पायवाट आहे, नदीवरच्या झुलत्या पुलावरून जाणारी. तीन किलोमीटरच्या आतच. सकाळी ब्रिकेंडनच्या कॉटेजीतून निघालं की न्याहारी पचेपर्यंत वूल्मर्सच्या लोकर-शेडीपाशी पोचता येतं. एकेकाळी आर्चरांच्या एका मळ्यावरचा सुतार किंवा लोहार दुसऱ्या मळ्यावर कामाला जाई, तो याच शिवारातून. त्याला परत यायची वेळ कुणीतरी ठरवून दिलेली असे.